चावणारा नळ

घरात वीज येण्याआधी एका माणसाची सही लागते. ज्याच्याकडे वीजकामाचा परवाना आहे अशा ठेकेदाराची. त्याने घरात जाऊन वायरिंग तपासायचं, वायरचं आवरण कुठे दुबळं नाही ना ते बघायचं, अर्थिंग मोजायचं आणि छापील टेस्ट रिपोर्टवर लिहून द्यायचं की हे घर वीज घ्यायला तयार आहे. मग वीज कंपनीचा माणूस येतो, मीटर बसवतो आणि पहिला दिवा लागतो. त्या दिव्याखाली पेढे वाटतात. सही करणाऱ्याची आठवण कुणाला राहत नाही. या कामात आठवण न येणं हेच चांगलं. कुणाला माझी आठवण झाली, तर समजायचं की काहीतरी बिघडलंय.

नव्वदच्या दशकात सुरतेत मी ती सही करत होतो. मूळचा अमळनेरकडचा. काका उधन्याला मागावर कामाला होते, त्यांच्या खोलीत राहून वायरमनचं काम शिकलो, परीक्षा दिल्या आणि यथावकाश परवाना मिळाला. आमच्या खान्देशी वस्तीत परवानावाले थोडे होते. वायरिंग करणारे पुष्कळ. त्यामुळे काम कुणी केलं तरी रिपोर्टसाठी माणूस माझ्या दारात यायचा. "हिरामणभाऊ, तेवढी सही" असं म्हणायचा. तेवढी. जसं काही चहात तेवढी साखर.

बाहेरच्यांना अर्थिंग म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढची सगळी हकिगत त्यावर आहे. वीज यंत्रात शिरते ती एका तारेने आणि परत जाते दुसऱ्या तारेने. तिसरी तार हिरवी. तिच्यातून एरवी काहीच जात नाही. पण यंत्राच्या आत कुठे ओल आली, आवरण फाटलं, की वीज यंत्राच्या पत्र्यावर उतरते. त्या वेळी हिरवी तार तिला जमिनीत घेऊन जाते. ही तार नसेल तर वीज वाट बघत पत्र्यावर बसून राहते, आणि पहिला जो कोणी हात लावेल त्याच्यातून जमिनीत जाते. त्यासाठी घराशेजारी खड्डा खणायचा, त्यात धातूची पट्टी उभी पुरायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, वरून पाणी सोडायचं. ओल टिकली की जमीन वीज चांगली घेते.

पण जी तार वर्षानुवर्षं काही करताना दिसत नाही, तिच्यावर माणसाचा विश्वास बसत नाही. कतारगामला एक हिऱ्यांच्या कारखान्याचे मालक होते. खाली हिरे घासायच्या चकत्या, म्हणजे घंट्या, चालायच्या, वर घर. त्यांनी बिल जास्त येतं म्हणून मला बोलावलं. बघतो तर हिरवी तार पकडीने तोडलेली. विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "आ तो करंट सीधो जमीन मां जाय छे. मफतमां धरती ने केम आपवानो?" जमिनीला फुकट वीज का द्यायची, हा त्यांचा प्रश्न होता. मी तासभर समजावलं. त्यांनी चहा पाजला, मान डोलावली आणि मी गेल्यावर जोडलेली तार पुन्हा तोडली. पुढच्या वेळी मी त्यांना सांगितलं, की ती तार म्हणजे घराचा विमा आहे. विमा म्हटल्यावर लगेच पटलं. मलाच आधी सुचायला हवं होतं.

उधन्यातल्या एका गृहस्थांनी दसऱ्याला मीटरची पूजा केली. हळदकुंकू, फूल, सगळं यथासांग. मग नारळ फोडला आणि पाणी मीटरवरच शिंपडलं. मीटर तिथेच गार झाला. ते मला म्हणाले, "भाऊ, देवाला पाणी दाखवू नको असं कुठे लिहिलंय तुमच्या नियमात?" खरंच नव्हतं लिहिलेलं. मी हसलो, पण मनात म्हटलं, आपण तरी काय वेगळं करतो. दसऱ्याला मीही माझ्या मेगरला कुंकू लावायचो. मेगर म्हणजे हाताने दांडा फिरवून वायरचं आवरण तपासायची लाकडी पेटी. दांडा फिरवला की काटा हलतो. चाळीतली पोरं फोटो काढायचं यंत्र समजून समोर उभी राहायची.

असे किस्से सांगून झाले की लोक म्हणतात, हिरामणभाऊंचा धंदा मजेचा. म्हणून आता दुसरी गोष्ट सांगतो.

गोडादऱ्याला जयंतीभाई नावाच्या माणसाने भाड्याने द्यायला खोल्यांची एक ओळ बांधली होती. समोर फरशीचा लांब ओटा, ओट्याच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ. वायरिंग दुसऱ्याच कुणी केलं होतं. मी रिपोर्टसाठी गेलो. पहिल्या दोन खोल्यांत मेगर लावला, काटा छान गेला, बाकीच्या दारातूनच बघितल्या. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे विचारलं. खड्डा नव्हता. सगळ्या खोल्यांच्या हिरव्या तारा एकत्र आणून नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळल्या होत्या.

हे तेव्हा सर्रास चालायचं. लोखंडी पाइप जमिनीखालून लांबवर गेलेला असतो, त्यामुळे तो अर्थिंगचं काम बऱ्यापैकी करतो. नियमात बसत नाही, पण करतो. मी जयंतीभाईंना म्हटलं, "खड्डा तर लागेल."

"खोदावी दइश ने, हिरामणभाई. आ लोको सामान लइने ऊभा छे. तमे सही करी आपो."

खड्डा नंतर खणून देतो, आधी सही करा, असं त्यांचं म्हणणं. लोक सामान घेऊन उभे होते हे खरं होतं. एका हातगाडीवर पत्र्याच्या पेट्या, गाद्या, आणि त्यावर टेकून बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई. त्यांनी माझ्याकडे बघून अहिराणीत विचारलं, "कोन्ता गावना रे, पोरा?" मी गाव सांगितलं. त्यांचं माहेर शेजारच्याच गावचं निघालं. त्या गोजरबाई. त्यांचा मुलगा भास्कर मागावर कामाला, त्याची बायको सुमन. मी ओट्यावर बसून सही केली. खड्डा होईल या भरवशावर. गोजरबाईंना संध्याकाळी दिवा लावता येईल याचं मला बरंही वाटलं. ती सही करताना मला काही खुपलं असं आज म्हणालो तर ते खोटं होईल. काही खुपलं नाही.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात भास्कर माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"भाऊ, जरा नळ बघून जा ना. सुमनला नळ चावतो म्हणते."

"चावतो म्हणजे? मुंग्या येतात?"

"मुंग्या येतात, कधी झटका बसतो. पण तिलाच. दुसऱ्या कुणाला नाही." मग खाली बघत म्हणाला, "आई वेगळंच बोलायला लागलीय."

श्रावण म्हणजे आमच्याकडे कानबाईचा महिना. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी मांडतात, नैवेद्याला गव्हाचे रोट करतात, भाऊबंद जमतात. खान्देश सोडून सुरतेला आलेली माणसं शेत विसरली असतील, कानबाई विसरली नाहीत. गोजरबाईंच्या घराचा रिवाज असा, की सण लागला की देवीसाठीचं पाणी घरच्या सुनेने भरायचं, तेही चाळ उठायच्या आधी, नळाला दुसऱ्या कुणाचा हात लागण्याआधी, आणि अनवाणी. सुमन तसं भरत होती. आणि रोज घागर भरता भरता तिच्या हाताला नळ चावत होता.

सुमनने दोनदा घागर सोडून दिली. सासूने ते पाहिलं. देवीचं पाणी सुनेच्या हातून सांडतं, एवढंच त्यांना दिसलं. गावी थोरल्या सुनेला बोलावणं गेलं. सुमनला माहेरी पाठवायचं घाटत होतं, देवी उठेपर्यंत म्हणून. पण पुढे काय, ते कुणी बोलत नव्हतं. भास्कर म्हणाला, "एकदा गेली की आई परत आणू द्यायची नाही. तुम्ही बघून सांगा. तुमचा शब्द ती मानेल."

मी दुपारी गेलो. माझ्या पायात रबरी चपला होत्या. वायरमन त्या काढत नाही, धंद्यातला पहिला धडा तोच. चाळीतल्या बायका ओट्यावर जमल्या. मी नळाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही. नळामागे वाकून पाइप पाहिला असता, तर? पाहिला नाही. नळ उघडून हात लावला. काही नाही. भास्करच्या खोलीत जाऊन बोर्ड उघडला, वायर बघितली. सगळं ठीक होतं.

सुमन दाराच्या आत उभी होती. वीस-बावीसची असेल. मी विचारलं, "केव्हा चावतो?"

"सकाळी. धार बारीक व्हयनी का चावस."

बायका हसल्या. मीही हसलो. नळाची धार बारीक होते आणि मग तो चावतो, हे ऐकायलाच गमतीचं होतं. गोजरबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ऐकं ना? पानी बी तिले पाहीसन आखडस. देवीले तिना हात चालत नही."

त्या वेळी मी एक वाक्य बोललो. कामात बोलून बोलून सवयीचं झालेलं वाक्य होतं. "नळात काही नाही, माय. हे वायरिंग माझ्या सहीचं आहे."

सगळ्यांच्या समोर बोललो. गोजरबाईंनी मान हलवली, जसा काही निकाल लागला. नळात नाही, तर मग सुमनमध्येच आहे. मी तसं म्हटलं नव्हतं. पण दुसरं उरलंच नव्हतं काही.

मी पिशवी उचलून निघालो, तेव्हा सुमन दाराशी आली. माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघून म्हणाली, "भाऊ, सकायम्हा या. चप्पल काढीसन हात लावा."

मी "बरं" म्हणालो आणि गेलो नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तीही खान्देशचीच, आमच्याही घरी कानबाई बसते. धार बारीक झाली की नळ चावतो, हे मी तिला हसवायला सांगितलं. ती हसली नाही.

"मग गेलात का सकाळी?"

"टेस्टरने बघितलं ना. काही नाही तिथे."

"टेस्टरला काय सासू आहे?" ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी जयंतीभाईंनी बोलावलं. त्यांनी पलीकडे खोल्यांची आणखी एक ओळ उठवली होती. रिपोर्ट समोर ठेवला, पेन दिलं. मी म्हटलं, "मागच्या ओळीचा खड्डा अजून झाला नाही."

"थइ जशे. आ वखते पाणीनी लाइन एकदम सरस नाखी छे. प्लास्टिकनी. काट लागवानो सवाल ज नहीं." खड्डा होऊन जाईल; या वेळी पाणी नेणारी प्लास्टिकची लाइन, गंज चढायचा प्रश्नच नाही. आणि मोठ्या खुशीने पुढे म्हणाले, की उन्हाळ्यात मागच्या ओळीचाही सगळा गंजका पाइप काढून प्लास्टिकचा टाकून दिला. फक्त नळ आणि त्याचा उभा तुकडा जुना ठेवला, तो चांगला होता.

माझं पेन फॉर्मवर टेकलेलं होतं. तिथे शाईचा ठिपका पडला.

प्लास्टिकमधून वीज जात नाही. जमिनीखालचा लोखंडी पाइप गेला, म्हणजे त्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांचं अर्थिंग गेलं. हिरव्या तारा मात्र त्या उरलेल्या तुकड्याला तशाच गुंडाळलेल्या. कुठल्याही घरातल्या यंत्रात बिघाड झाला, तर वीज हिरव्या तारेने यायची, थेट नळावर, आणि तिथे थांबायची. नळदुरुस्तीवाल्याने पाइप बदलताना वायरमनला सांगावं, असं कुणाच्या मनात येत नाही. त्याला पाणी दिसतं. मला वीज दिसते. खड्डा असता तर त्याच्या प्लास्टिकने काही बिघडलं नसतं. खड्डा नव्हता आणि सही होती.

पेन खाली ठेवलं. जयंतीभाई म्हणाले, "केम, शुं थयुं?" मी म्हटलं, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोडादऱ्याला पोचलो तेव्हा चाळ झोपलेली होती. ओटा ओला होता. सुमन घागर घेऊन नळाशी आली, अनवाणी. थोरली जाऊ गावाहून अजून पोचली नव्हती, म्हणून पाणी अजून तिच्याकडेच होतं. मला बघून ती थांबली. मी तिला बाजूला उभं राहायला सांगितलं आणि नळ उघडला. धार चांगली जाड होती. टेस्टर लावला. पेटला नाही.

आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. घागर भरत आली. मग कुठूनतरी, भिंतीच्या आतून आल्यासारखी, बारीक घरघर ऐकू आली. आणि धार बारीक झाली.

टेस्टर लावला. पेटला.

खरं तर तिथेच काम झालं होतं. टेस्टर पेटल्यावर आणखी काही बघायची गरज नसते, आणि वाचणाऱ्यांपैकी कुणीही पुढचं करू नये. पण तिने मला एक गोष्ट सांगितली होती आणि ती मी केली नव्हती. मी चपला काढल्या, ओल्या फरशीवर उभा राहिलो आणि हाताची उलटी बाजू नळाला लावली. आमच्यात उलट्या हातानेच शिवतात, म्हणजे बोटं आखडली तरी पकड बसत नाही. कोपरापर्यंत झटका बसला. मी मागे सरकलो, पाय घसरला आणि ओट्यावर बसलो.

सुमन म्हणाली, "चावना ना?"

"हो," मी म्हणालो. "चावला."

ती तिथेच खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. मला आधी वाटलं ती हसतेय.

घरघर शेवटच्या खोलीतून येत होती. तिथे रघुनाथ राहायचा, विदर्भातला, मागावरच कामाला. मी दार वाजवलं. त्याने उघडलं ते अर्धंच. आत ज्वारीच्या पोत्याआड पाणी ओढायची छोटी मोटर चालू होती, लाइनला गुपचूप जोडलेली. अशी मोटर लावायला बंदी होती, म्हणून तो चाळ उठण्याआधी चालवायचा आणि बायका जमण्याआधी बंद करायचा. म्हणजे बरोबर सुमन पाणी भरायची त्या वेळी. मोटर पाणी ओढायची, म्हणून धार बारीक व्हायची. मोटरच्या आत ओल गेली होती, म्हणून वीज हिरव्या तारेने नळावर यायची. नंतर येणाऱ्या बायकांच्या पायात प्लास्टिकच्या चपला असायच्या, आणि तोवर मोटरही बंद झालेली असायची. धार बारीक झाली की नळ चावतो. तिने जे सांगितलं होतं त्यात एक शब्द कमी नव्हता की जास्त नव्हता.

"काय सांगू भाऊ," रघुनाथ म्हणाला, "माह्या वाट्याले पाणी येतच नोव्हतं. म्या म्हटलं थोडंसंच घेतो. तिचं असं काही व्हते, हे मले मालूमच नोव्हतं."

"ऐकलं नव्हतंस? सगळी चाळ बोलत होती."

त्याने मान खाली घातली. "ऐकलं व्हतं. पण देवीचं म्हटलं मी."

मोटर बंद केली, त्या खोलीचा फ्यूज काढून खिशात टाकला. एव्हाना दारं उघडायला लागली होती. भास्कर रात्रपाळीहून आला. गोजरबाई ओट्यावर आल्या. ओला झालेला मी, अनवाणी, आणि खाली बसलेली सून बघून त्यांनी विचारलं, "काय व्हयनं?"

मी सांगितलं. सगळ्यांसमोर, कारण आधीचं वाक्यही सगळ्यांसमोरच बोललो होतो. नळात वीज आहे. सुमनच्या हातात काही नाही. खड्डा झालेला नसताना मी सही केली होती. त्या दिवशी नीट न बघता नळ बरा आहे म्हणालो. ती खरं बोलत होती.

बायकांमधून एक जण म्हणाली, "म्हणजे सहीला काय अर्थच नाही तर." ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं. त्यानंतर त्या वस्तीतून माझ्याकडे येणारं काम कमी झालं, आणि ते मला अन्यायाचं वाटलं नाही.

गोजरबाई बराच वेळ नळाकडे बघत होत्या. मग त्यांनी नळाला दुरूनच हात जोडले. "मंग तुले आठे कानबाईनीच धाडं," त्या मला म्हणाल्या. "कोनी मरनं असतं. देवीनी आमनी सूनले आधीच दाखाडं." काल ज्या सुनेच्या हाताला देवी नको म्हणत होती, तिलाच आज देवीने आधी इशारा दिला होता. मी म्हणालो, "माय, देवीचा यात काही संबंध नाही, पाइप बदललाय." त्या म्हणाल्या, "बदलू दे." थोरल्या सुनेला येऊ नको म्हणून निरोप गेला. माहेरचं नावही पुन्हा निघालं नाही. मी आणखी वाद घातला नाही. सुमन राहणार होती. कारण कुठलं का असेना, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. आजही ते मला पुरतं पटलेलं नाही.

जयंतीभाईंना मी सांगितलं की खड्डा होईपर्यंत नव्या ओळीचा रिपोर्ट मिळणार नाही, आणि जुन्या ओळीचा मी कंपनीला कळवून परत घेणार आहे. ते रागावले, मग दुसऱ्या सहीवाल्याचं नाव घेऊन बघितलं, मग मजूर पाठवले. नळाच्या बाजूला खड्डा खणला. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणला. मीठ कमी पडलं तेव्हा प्रत्येक खोलीतून वाटी-वाटी मीठ आलं. रघुनाथच्या बायकोने सगळ्यांत मोठी वाटी आणली आणि कुणाशी न बोलता ओतून गेली. पट्टी उभी केली, कोळसा, मीठ, माती, वरून पाणी. खोल्याखोल्यांच्या हिरव्या तारा नळावरून सोडवून पट्टीला आवळल्या, आणि नळालाही एक तार जोडून दिली. या वेळी एकेका खोलीत आत जाऊन मेगर फिरवला. रघुनाथची मोटर दुरुस्तीला जायची होती, पण त्याआधी मी फ्यूज परत बसवून ती मुद्दाम तशीच चालू केली. धार बारीक झाली. नळाला टेस्टर लावला. पेटला नाही. मग चपला काढून उलटा हात लावला. काही नाही. बिघाड तोच होता, पण आता विजेला जायला जमीन होती. मोटर बंद केली.

कानबाईच्या आदल्या दिवसाची दुपार होती. घरोघर सारवणं, धुणं चाललेलं. सुमन ओटा धूत होती. मी म्हटलं, "सुमनबाई, एकदा तुम्ही बघा."

"तुम्ही पाहं ना," ती म्हणाली. "आते तुम्हीच सांगा."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

ती उठली नाही. केरसुणी हातात तशीच. मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी सांगं ना, नळम्हा काही नही. तवय माले बी वाटनं, मीच खोटी शे. मना हातच खोटा शे."

विजेच्या झटक्याने माणूस मरतो, भाजतो, पडतो, हे मला शिकवलेलं होतं. माझ्या एका वाक्याने कुणाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास जाऊ शकतो, हे कुठल्या परीक्षेत नव्हतं. मी तिची माफी मागितली का, असं कुणी विचारेल. मागितली. ती "राहू द्या, भाऊ" म्हणाली, जसं आपण दारात आलेल्या फेरीवाल्याला म्हणतो. ते काही माफ करणं नव्हतं.

पण मी तिथून हललो नाही. शेवटी ती उठली. चपला काढून ओट्याच्या कडेला ठेवल्या. ओल्या फरशीवर नळासमोर उभी राहिली. हात पुढे केला, मागे घेतला. गोजरबाई आतून रोटाचे गहू निवडता निवडता बघत होत्या. सुमनने डोळे मिटले आणि नळ धरला. आमच्यासारखा उलट्या हाताने नाही. पूर्ण मुठीत धरला, जसा रोज धरायची. नळ सुरू केला. जाड धार ओट्यावर पडायला लागली, तिचे पाय भिजले, साडीचा काठ भिजला. तिने हात काढला नाही. मला वाटलं त्याहून पुष्कळ जास्त वेळ ती तशी उभी होती.

मग डोळे उघडून माझ्याकडे न बघता, नळाकडेच बघत म्हणाली, "नही चावत."

मी पिशवीतून नवा फॉर्म काढला आणि ओट्यावर बसलो. अर्थिंगचा आकडा लिहिला, मेगरचा लिहिला. खाली छापलेलं असतं, तपासणाऱ्याचं नाव. तिथे परवानावाल्याचंच नाव लागतं, दुसऱ्याचं चालत नाही. मी माझं नाव लिहिलं. मागे नळ अजून वाहत होता. सुमन घागर आणायला आत गेली होती.